ओट्स खाणारा पदेर

सायकलचा भोंगा दोनदा वाजायचा, टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला व्हायचं, गरम पावांचा वास ओटीवर यायचा आणि मागोमाग आवाज, "घेवा वैनीनू, पण खाव नकात!"

पदेर म्हणजे पाव भाजणारा आणि तेच दारोदार विकणारा. आरोंद्यात त्याला कुणी नावाने हाक मारली नाही, म्हणून मीही पदेरच म्हणते. मुलांना तो "घे, पण खाव नको" म्हणे, आम्हाला आदराने. स्वतःच्या मालाबद्दल असं सांगणारा दुसरा कुणी तुम्हाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा.

"मग विकता कशाला?" मी एकदा विचारलं.

"विकूचा काम माझा. खावची चूक तुमची."

हे वेड त्याला पूर्वी नव्हतं. बायको लवकर गेलेली, एकच मुलगी, ती गोव्यात नर्स. एका सकाळी खाडीकडच्या चढावर सायकल ढकलताना त्याच्या छातीत कळ आली. गोव्याला नेलं, वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, साखरही वाढलीय, मैदा बंद, सकाळी ओट्स. पदेराला मैदा बंद म्हणजे दर्यावरच्या गाबिताला मासे बंद सांगण्यातलाच प्रकार. पण मुलीचं लग्न ठरलेलं होतं, आणि याच्या मनाने एकच धरलं होतं.

"चेडवाक हात धरून आल्तारापर्यंत व्हरूचा आसा. चलत. खुर्चीर बसान नाय."

आईविना वाढवलेली पोर. चर्चच्या दारापासून आल्तारापर्यंतची, म्हणजे वेदीपर्यंतची ती वाट तो इतर कुणाला द्यायला तयार नव्हता.

पहिल्या दिवशी ओट्स शिजवून त्याने पातेलं मला दाखवायला आणलं. "ही काय खळ? कागद चिकटवूक बरी." पुढचे काही दिवस तोंड असं की गिऱ्हाइकांनी उरलेले पाव परत केलेत. मग त्याला वाट सापडली. पहाटे पाव भाजून झाले की निवत्या भट्टीच्या तोंडाशी मडक्यात ओट्स आणि पाणी ठेवायचं. गावभर फिरून परत येईपर्यंत त्याची छान पेज झालेली असे. पेज म्हटल्यावर कोकणी माणसाला ती गिळायला कसली अडचण?

तेव्हापासून पाव मोजता मोजता प्रवचन सुरू झालं. "भाताच्या पेजेन दहाक परत भूक. ओट्सान दुपारपर्यंत पोट गप. साखर उड्यो मारणा नाय. ता कोलेस्टेरॉल आसा ना, तेका धरून भायर काडता. आणि पोट तर वैनीनू, असा साफ..."

पुढचं वर्णन मी लिहीत नाही. तो मात्र भर रस्त्यात हातवारे करून सांगे.

आमच्या ह्यांनाही साखर होती. माझं त्यांनी जन्मात ऐकलं नाही, पदेराचं ऐकलं आणि ओट्स खाऊ लागले. पाठोपाठ शेजारी. पावांची टोपली अर्धी भरलेलीच परत जायला लागली.

"धंदा बसेल हो तुमचा," मी म्हटलं.

"बसूंदे. चेडवाचा लगीन होवंदे, मगे बघूया."

लग्नाआधीच्या तपासणीत साखर खाली, कोलेस्टेरॉल खाली, वजन खाली. रक्तदाब मात्र माडावर! डॉक्टर चक्रावले. मुलगी धावत घरी आली, आणि माझ्या ओटीवरच तिने उलटतपासणी घेतली.

"पप्पा, ओट्सांवांगडा काय खातंस?"

"काय नाय गो. नुसते ओट्स."

"खरां सांग."

"नुसते ओट्स आणि एक बांगडो."

"खारो?"

"मगे काय गोडो?"

हसू नका. पेजेबरोबर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आमच्याकडे कुणी खाण्यात धरतच नाही. डॉक्टरांनी मला विचारलं असतं तरी मी "नुसती पेज" असंच सांगितलं असतं. पोरीने कपाळावर हात मारला, घरातली सगळी सुकी मासळी बांधून माझ्या हवाली केली आणि बापाला बजावलं, "मीठ सुटला नाय तर आल्तार इसर."

त्याने सोडलं. ओट्स आणि ताक, बस्स. आमच्याकडे बांगडा भाजल्याचा वास आला की तो भोंगा न वाजवताच पुढे जाई. ह्यांना त्याची मजा वाटे, मला मात्र भरून यायचं.

लग्नात तो चालला. नवा कोट, पायांत करकरणारे बूट, हातात मुलीचा हात. मध्यावर ती हळूच थांबली, त्याला दम घेऊ द्यावा म्हणून. त्याने तिचा हात ओढला. "चल गो." चर्चमध्ये मी रडले, आणि ह्यांनीही चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या पायरीवर बसला आणि कोरा चहा मागितला. टोपलीतला एक पाव घेतला, मोडला, बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला.

"बरो भाजलो हा," दुसऱ्या कुणाच्या पावाचं कौतुक करावं तसं म्हणाला. मग उठला. "आजच्या दिसापुरतो. फाल्यांपासून परत ओट्स. आता नातवाचो बापतिजम बघूचो आसा."

तो बाप्तिस्मा मात्र हुकला. पावसाळा सरता सरता पदेर झोपेतच गेला. नात झाली ती नाताळात.

बापतिजमाला मुलीने घर उघडलं. त्यांच्या घरात मंगल जेवणाआधी एक ताट वारलेल्या माणसाच्या नावाने वाढायची रीत आहे. माणसं जमली होती, आतून मसाल्याचे वास येत होते. ती सकाळीच माझ्याकडे आली होती. "वैनीनू, एक बांगडो असात?" मी काही न विचारता दिला.

तिने पप्पांच्या फोटोसमोर भट्टीजवळचं तेच मडकं ठेवलं. आत ओट्सची पेज, वर भाजलेला खारा बांगडा. नातीला कडेवर सावरत ती म्हणाली, "घे पप्पा. आणि आज खा."