अर्धा टन आणि चाकांवरचं घर

आम्ही नवराबायको अमेरिकेत शॉमबर्गला एका काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायचो. नवरा एका इंडियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये होता. मी आठवीत शाळा सोडलेली. बस कुठली पकडायची, हेसुद्धा काकूंनी मला हाताला धरून शिकवलं. ही दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट.

काकूंच्या मणक्याचं दुखणं त्या वर्षी फार वाढलं. जेवायला बसल्या तरी दोन घास झाले की आडवं व्हावं लागे. आणि नेमकं तेव्हाच, गाडीने दोन दिवसांच्या वाटेवर, हर्नडनला त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण आलं. विमानात आडवं होऊ देत नाहीत, गाडीत पाठ टेकता येत नाही. काकू कुणाशी फार बोलत नव्हत्या. डिंकाचे लाडू मात्र करून ठेवले होते.

काकांच्या ऑफिसातला एक गोरा माणूस आपला ट्रॅव्हल ट्रेलर विकत होता. आत पलंग, शेगडी, संडास. चाकांवरची एक खोलीच. वाटेत थांबत थांबत जायचं, काकूंना आडवं होऊ द्यायचं, असं काकांनी ठरवलं. सोबत मी. ओढायला त्यांनी एक जुना पिकअप ट्रक घेतला. त्याला तिकडे हाफ-टन म्हणतात.

"अर्धा टन?" काकू म्हणाल्या. "आणि त्या घराचं वजन केवढं?"

"दोन टनांच्या वर. अगं, ते नुसतं नाव आहे. ओढायची ताकद वेगळी असते."

"नावातच अर्धा आहे, अहो."

मला तर त्या शब्दाने झोप येईना. मी मागच्या सीटवर बसणार होते. पण ज्यांच्या घरात राहतो त्यांना "मला भीती वाटते" कसं म्हणायचं?

मग दर शनिवारी काका ट्रकखाली आणि मी बाहेर पाने-पकडी घेऊन उभी. मागे हुक बसवायचा लोखंडी सांगाडा आधीच होता. काकांनी त्यावर ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा बसवला, दिव्यांची वायर जोडली, ट्रेलरच्या मागचं दिसावं म्हणून लांब आरसे लावले. डॅशबोर्डखाली एक डबी बसवली. ट्रकचा ब्रेक दाबला की तिच्यामुळे ट्रेलरचाही लागतो. काका आत पाय ठेवून ओरडायचे, "ब्रेक!" मी मागून ओरडायची, "लागला!" ट्रक गोळ्यावर आणताना मी आपली गावाकडच्यासारखी हात हलवत, "येऊ द्या, येऊ द्या... बास!" शेजारची मेम खिडकीतून बघायची.

ट्रेलरचा जो पुढचा दांडा ट्रकवर टेकतो, त्याला टंग म्हणतात. जीभ. दुकानदाराने सांगितलं होतं, जिभेवर पुरेसं वजन हवं, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलतो. "बैलगाडी उलाळ होते ना, मागे ओझं जास्त झालं की, तसं," काकांनी मला समजावलं आणि काकूंनी मागच्या कपाटात ठेवलेल्या कणकेच्या पिशव्या, कुकर, खलबत्ता सगळं पुढे आणायला लावलं.

"बघा," काकू म्हणाल्या, "ह्यांच्या जिभेला हाड नाही आणि ह्या ट्रेलरच्या जिभेवर माझा खलबत्ता."

त्याच जिभेवर एक काळी डबी होती. तिच्यात पिन, पिनेला तार, तारेचं दुसरं टोक ट्रकला. चालता चालता ट्रेलर सुटला तर पिन ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळतात, एवढं काकांनी मला सांगितलं होतं. काकूंना सांगायचं कुणाला सुचलं नाही.

निघायच्या सकाळी काकांनी ट्रेलर जोडला, साखळ्या अडकवल्या आणि हात धुवायला आत गेले. काकूंनी घराला आणि ट्रेलरला एकेक चक्कर मारली. नारळ फोडला. आम्ही बसलो. काकांनी ट्रक सुरू केला, पाय दिला. ट्रक हिसका देऊन थांबला. पुन्हा पाय दिला. मागची चाकं खडीवर गरगरली, रबराचा वास आला, ट्रेलर तसूभर हलला नाही.

काकांनी इंजिन बंद केलं. उतरून चाकं पाहिली, साखळ्या पाहिल्या. शेवटी म्हणाले, "तुझंच खरं. अर्धा तो अर्धाच. पोरीला फोन कर, म्हणावं, नाही जमत."

काकू खाली उतरल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "तिच्या सासूबाईंना बोलावून घेऊ दे मग." आवाज अगदी साधा होता, कोथिंबीर संपली म्हणावं तसा. मी दुसरीकडे बघितलं.

"जा, घर उघड. काय काय बंद केलंयस ते चालू कर," काका काकूंना म्हणाले.

"सगळंच बंद केलंय. गॅस, गीझर, नळाचा कॉक. टीव्हीचा प्लग काढला. ट्रेलरला घरातली वायर लावली होती ती काढली. तिथलाच तो दुसरा काळा प्लगही काढला."

"कुठला काळा?"

"अहो, पुढचा. दांड्यावरचा. गावाला जाताना कुणी प्लग लावून जातं का?"

काका पुढच्या दांड्याकडे जवळजवळ धावलेच. पिन तारेला लोंबत होती. त्यांनी ती डबीत खुपसली, टक् असा आवाज झाला. मग तिथेच उकिडवे बसले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकू खिडकीतून विचारत होत्या, "काय झालं? शॉक बसला का?"

पुढच्या हिसक्याला ट्रेलर मुकाट्याने मागे आला.

इंडियाना राज्यात पहिल्यांदा थांबलो. काकू पलंगावर आडव्या झाल्या आणि मुलीला फोन लावला. "निघालो गं. जरा उशीर झाला. तुझ्या बाबांची गाडी आधी नाटकं करत होती." काका पुढे उभे राहून चहा पीत होते.

तिथून पुढे प्रत्येक थांब्यावर, कुणी न सांगता, मी उतरून ती पिन बघायची. ट्रेलर डोंगरात थोडा डुलला तेव्हा मी रामरक्षा म्हटली, मनातल्या मनात.

हर्नडनला पोचलो तेव्हा मुलीनेच दार उघडलं. पोट अजून पुढे होतं. काकू तिला जवळ घ्यायला वाकल्या आणि तशाच अडकल्या.

"आई," ती म्हणाली, "फर्स्ट यू लाय डाउन."