लग्नासाठी फुगवलेलं उत्पन्न आणि तीन आठवड्यांची मुदत

"ट्रिपल व्हेसल डिसीज," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही मोठ्या नळ्या तुंबलेल्या. आदल्या दिवशी यांचा अँजिओग्राम झाला होता. मनगटातून बारीक नळी सरकवून हृदयाचा फोटो काढतात, तो. गोळ्यांनी भागेल का, एवढंच मी विचारलं.

"नाही अम्मा. बायपास लागेल. तीन आठवड्यांच्या वर थांबू नका."

आमचे हे गलाईवाले. चेन्नईत सराफांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देतात. सोनं लोकांचं, आपली फक्त मजुरी. दोन महिने जिना चढताना छाती भरून यायची, तर म्हणायचे, भट्टीची धग आहे. मी ऐकून घेतलं. तुम्ही घेऊ नका.

खासगी विमा कधी काढलाच नव्हता. पण सरकारी विमा योजनेत बायपास बसते, असं हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. कार्डासाठी उत्पन्नाचा दाखला हवा. आमची मिळकत मर्यादेच्या आतलीच, म्हणून मी निर्धास्तपणे तालुका ऑफिस गाठलं.

तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. "अम्मा, तुमच्या वीट्टुकारांनीच इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये एवढं उत्पन्न लिहिलंय. योजना गरिबांसाठी आहे."

वीट्टुकार म्हणजे घरधनी. घरधन्यांचा प्रताप पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरत होतं. आमच्या सांगलीकडे गलाईवाला म्हणजे सोन्यात लोळणारा, असा समज. मध्यस्थ म्हणाला, हल्ली मुलाकडचे रिटर्न बघतात. झालं! यांनी आकडा फुगवला, न मिळालेल्या पैशांवर कर भरला आणि ते कागद व्याह्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिले. नोकरदाराला पगाराची चिठ्ठी असते. आमच्यासारख्यांचं उत्पन्न म्हणजे आम्ही लिहू ते. तेच धड लिहिलं नाही.

साहेबांनी शेवटी वाट सांगितली. खरं उत्पन्न किती, रिटर्नमध्ये जास्त का दाखवलं, हे स्टॅम्प पेपरवर लिहा. एक शेजारी आणि एक नातेवाईक, अशा दोघांच्या सह्या आणा. मग चौकशी करून दाखला देऊ.

शेजाऱ्यांनी लगेच सही दिली. पण चेन्नईत नातेवाईक म्हणजे एकटे व्याही, आमच्या सांगलीकडचेच, पण तांबरमला राहणारे. हे म्हणाले, "मेलो तरी चालंल, त्यांच्या म्होरं न्हाई." आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला इतका संताप आला, की मी वॉर्डाबाहेर जाऊन रडले. आठवडा तसाच गेला. डॉक्टर रोज विचारायचे, कार्ड आलं का?

एका दुपारी व्याही स्वतःच मोसंबी घेऊन बघायला आले. मी स्टॅम्प पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मला एकच भीती. मुलीला सासरी उद्या कोणी टोचून बोललं तर?

व्याह्यांनी शेवटपर्यंत वाचलं, खिशातून पेन काढलं, सही केली.

"ताई, ती कागदं म्या उघडून बी बघितली न्हाईत. आमी पोरगी बघितली हुती."

मला हसावं की रडावं कळेना. व्याह्यांनी न वाचलेल्या त्या आकड्यापायी माझा नवरा जिवाला मुकला असता.

दाखला आला, कार्ड झालं आणि मुदत संपायला दोन दिवस असताना ऑपरेशन पार पडलं. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, त्या खिडकीवरच्या बाईंचे उपकार आहेतच. पण मी पहिलं नाव घेते ते व्याह्यांचं.

यंदा रिटर्न भरताना मी शेजारी बसून खरा आकडा लिहून घेतला. हे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा बघत राहिले.

"लईच बारका दिसतोय गं."

"दिसू द्या," मी म्हटलं. "तुम्ही दिसताय न्हवं!"