म्हसोबाच्या बकऱ्यानं अंग झाडलं

देवाचा अनुभव शांत चित्तानं लिहावा म्हणतात. माझं चित्त काही शांत नाही. त्या दिवसाची आठवण निघाली की आधी राग येतो, मागून डोळ्यांत पाणी येतं, आणि ते पुसेपर्यंत पुन्हा राग आलेला असतो. तरी लिहिते, कारण जे मिळालं ते फार मोठं होतं. ते मिळालं तेव्हा मी देवाशी भांडत होते, हेही लपवत नाही.

आम्ही वडगाव रासाईचे. माझे आजेसासरे मेंढरांमागं फिरले, सासऱ्यांनी भीमेच्या काठाला जमीन केली आणि आता आम्ही ऊसवाले झालो. मेंढरं गेली, पण मळ्यातला म्हसोबा राहिला. लिंबाखालचा शेंदूर माखलेला धोंडा, एवढंच त्याचं रूप. आखाडात, श्रावण लागायच्या आत, त्याला बकरं द्यायचं. त्याची रीत ठरलेली आहे. बकऱ्याला न्हाऊ घालून, हळद-कुंकू लावून देवापुढं उभं करायचं आणि पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं तर देवानं मान्य केलं. नाही झाडलं तर देवाच्या मनात काहीतरी किंतु आहे. आणि मान्य झालेलं बकरं कापायचं ते गावच्या मुलाण्यानं. मुलाणी मुसलमान, पण आमच्या म्हसोबापुढं हा मान त्याचाच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून उस्मानमामांना बघत आले. ते बांधावर चपला काढून यायचे, बकऱ्याचं तोंड पश्चिमेला करायचे, अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायचे आणि पंगतीत जेवून आपला वाटा घेऊन घरी जायचे. मुलाण्याचा हात लागल्याशिवाय माझ्या सासूबाई चुलीवर पातेलंच चढवत नसत.

माझी लेक सारिका भांडगावला दिलेली. पहिल्या बाळंतपणात तिला झटके आले. दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर आत-बाहेर धावत होते आणि मी फरशीवर बसून म्हसोबाला म्हणत होते, बाबा, माझी पोर ठेव, तुला बकरं देते. त्यानं शब्दाला धरून ऐकलं. पोर ठेवली, बाळ ठेवलं नाही. मी बाळाचं मागायला विसरले, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं. पुढच्या आखाडात भावकीत सुतक पडलं आणि नवस राहून गेला. त्याच्या पुढच्या आखाडात सारिका पुन्हा पोटुशी होती, सातवा चालू, रक्तदाबाची गोळी चालू. नवस न फेडता तिला दवाखान्याची पायरी चढवायची माझी छाती नव्हती. बकरं मी स्वतः वाढवलं होतं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि महाखादाड.

अशा वेळी माझा पुतण्या प्रशांत येऊन उभा राहिला. धाकट्या दिराचा मुलगा, कंपनीत कामाला आहे. पोरगा वाईट नाही, पण हातातल्या मोबाइलनं त्याला आमच्यापेक्षा शहाणं केलं आहे.

"काकी, औंदा मुलाणी नको," तो म्हणाला. "आपल्या देवाच्या बकऱ्यावर त्यांचा कलमा कशापायी? मी दौंडवरनं आपला खाटीक आणतो."

"आरं, तुझ्या पणज्यापासनं चालत आलंय ते."

"त्यांना तवा कळत नव्हतं. आन् तसंबी उस्मानमामा येणारच न्हाईत. त्यांचा इरफान कंपनीच्या बसमधी माझ्यासंगंच असतो. त्यानंच सांगितलंय, आमी देवाच्या बकऱ्याला हात लावत न्हाई म्हणून."

इतकी वर्षं आमच्या मळ्यात जेवलेल्या माणसाला आता आमच्या देवाचं वावडं झालं? मला खूप लागलं. नवऱ्याकडं बघितलं, तर त्यांचा ठरलेला मंत्र, "जाऊ दे, पोरांच्या तोंडी कशाला लागतीस." मीही मग हट्टाला पेटले. त्यांनाच नको असेल तर मी कशाला पदर पसरू? निरोप धाडला नाही. उस्मानमामांची बायको रशीदाभाभी गिरणीत दिसली तर मी तोंड फिरवलं, आणि तिनंही फिरवलं.

रविवारी सगळे मळ्यात जमलो. भावकी आली, भांडगावहून विहीणबाई आल्या, सारिका लिंबाच्या सावलीत सतरंजीवर टेकून बसली. दौंडचा खाटीक बाजूला बिडी ओढत बसला होता. त्या बिचाऱ्याची यात काही चूक नाही. प्रशांतनं बकऱ्याचं दावं लिंबाला आखूड बांधलं, मी हात जोडले आणि पाठीवर पाणी शिंपडलं.

बकरं ढिम्म. त्यानं गळ्यातला झेंडूचा हार ओढून खायला घेतला.

पुन्हा पाणी शिंपडलं. भंडारा टाकला. नवऱ्यानं म्हसोबाला नारळ फोडला. बकऱ्यानं हार संपवला आणि माझ्या पदराला तोंड लावलं. ऊन चढत गेलं. मग प्रशांतनं गाडीतून फ्रीजमधल्या गार पाण्याची बाटली आणली आणि बकऱ्याच्या कानात ओतू लागला. मी त्याचा हात धरला. देवाचा कौल मागायला आलो होतो की देवाला फसवायला? मुलाण्याच्या तोंडचं अल्लाचं नाव याला चालत नाही, आणि कानात ओतलेलं बर्फाचं पाणी चालतं. कुठला धर्म म्हणायचा हा?

तेवढ्यात मागं कुजबुज सुरू झाली. विहीणबाई हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पोटुशीनं नवसाफुडं बसू न्हाई. हिच्यातच काय खोट आसंल. मागल्या टायमालाबी..." पुढचं बोलायची गरजही नव्हती. सगळ्या बायांच्या नजरा सारिकाच्या पोटाकडं वळल्या आणि माझ्या लेकीनं पदर ओढून पोट झाकून घेतलं.

ते बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बकऱ्यानं अंग झाडलं नाही, तर खोट माझ्या पोरीत? रीत मोडली कुणी, आणि बोल कुणाला? कुणाशी न बोलता मी उठले आणि ओढा ओलांडून थेट उस्मानमामांच्या दारात जाऊन उभी राहिले.

मामा ओसरीवर बसले होते. मला बघून उठले, पण "या" म्हणाले नाहीत. मी पायरीवरूनच विचारलं, "मामा, आमचा देव तुमाला बाटगा झाला व्हय?"

"मी कवा आसं म्हणलो, बाई?" "तुमच्याच प्रशांतनं आमच्या इरफानला सांगितलं, औंदा मुलाणी बोलवायचा न्हाई. मी निरोपाची वाट बघत बसलोय. आज सकाळीबी सुरीला धार लावली, आन् परत ठिवून दिली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दोघं पोरं एकाच बसमध्ये शेजारी बसून जातात. एक म्हणाला, आम्ही बोलावणार नाही. दुसरा म्हणाला, बोलावलं तरी आम्ही येणार नाही. आणि घरी येताना दोघांनी फक्त समोरच्याचं वाक्य आणलं, आपण तिथं काय बोललो ते बसमध्येच ठेवलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. तरी दोन घरांची तोंडं दोन दिशांना फिरली होती.

इरफान आतून आला. नम्रपणेच बोलला. "काकू, राग मानू नका. देवाच्या नावानं सोडलेलं जनावर कापणं आमच्यात चालत न्हाई. अब्बांचं वय झालंय. वर गेल्यावर त्यांनी काय जाब द्यायचा?"

"व्वा रे व्वा," मी म्हणाले. "तिकडं माझा पुतण्या म्हणतो कलम्यानं देव बाटतो. हितं तू म्हणतोस देवानं कलमा बाटतो. मग येवढ्या वरसांत काय काय बाटलं, ते दोघांनी मिळून मला दाखवा!"

मग मामांकडं वळून म्हणाले, "बकरं अंग झाडंना, बोल सारिकाला लागतोय, तुमी चला." उस्मानमामा माझ्याकडं न बघता बोलले, "बाई, मी तुमच्या देवाच्या नावानं कवाच सुरी धरली न्हाई. माझ्या तोंडात अल्लाचंच नाव आसायचं. तुमच्या सासऱ्यांना ठावं हुतं. ते म्हणायचे, तू तुझ्या धन्याचं नाव घे, मी माझ्या धन्याचं घेतो, दोघं काय ते बघून घेतील." मग म्हणाले, "पर आता घरात पोराचं मन मोडून मी येत न्हाई. तुमी जावा."

इरफानला बापाची काळजी होती, मला लेकीची. रशीदाभाभी दारात आली आणि तिनं फक्त विचारलं, "सारिका बरी हाय ना?" मी तशीच माघारी फिरले.

मळ्यात सगळं होतं तसंच होतं. बकरं उभं, माणसं ताटकळलेली, सारिका मान खाली घालून बसलेली. मी म्हसोबापुढं जाऊन उभी राहिले, पण हात जोडले नाहीत. मोठ्यानं म्हणाले, "बाबा, बोलवायचं त्याला बोलवून आले, तो येत न्हाई. हे बकरं मी तुझ्यासाठी वाढवलं. घ्यायचं तर घे, न्हाई तर नको घेऊ. माझी लेक तुझ्या पदरात टाकलीय. तिच्यात खोट आसंल तर तुझ्या डोळ्यात खोट हाय. आता तुझं तू बघ, माझ्यानं व्हत न्हाई!" आणि रागाच्या भरात बकऱ्याच्या गळ्यातलं दावं सोडून फेकून दिलं.

प्रशांत धरायला धावला. मी म्हणाले, "खबरदार हात लावशील तर." बकरं क्षणभर गोंधळलं, मग डुलत डुलत बांधाच्या दिशेनं निघालं. सगळे त्याच्यामागं बघायला लागले, आणि बांधाच्या पलीकडं उस्मानमामा दिसले. चपला काढून हातात घेतलेल्या, काखेत फडक्यात गुंडाळलेली सुरी. बोलावणं तर मी करून आले होते, पण नकार देऊन झाल्यावर पाऊल आत टाकावं की नाही, असे ते घुटमळत होते. नंतर कळलं, रशीदाभाभीनं त्यांना अक्षरशः घराबाहेर ढकललं होतं. "पोरीच्या जिवापरीस तुमचं भांडण मोठं हाय का?" असं म्हणून.

लिंब आणि बांध यांच्या मध्ये बकरं थांबलं. आणि तिथं, कुणाचा हात नाही, कुणाचं पाणी नाही, त्यानं असं अंग झाडलं की हळदीचा धुरळा उडाला. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. सारिका हुंदका देऊन रडली. मी होते तिथं मातीत बसले.

त्या अंग झाडण्याचीही लोकांनी वाटणी केलीच. प्रशांत म्हणतो, मुलाणी बांध ओलांडायच्या आधीच झाडलं, म्हणजे त्याची गरज नव्हती. माझी जाऊ म्हणते, उस्मानमामा नजरेला पडले म्हणूनच झाडलं. खाटीक म्हणाला, "दावं आवळलं हुतं ओ, जनावर झाडंल कसं?" तिघांचंही खरं असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की सकाळपासून हात जोडून जे मिळालं नाही, ते हात सोडल्यावर मिळालं.

उस्मानमामांनी बकऱ्याचं तोंड पश्चिमेला केलं आणि "बिस्मिल्ला, अल्लाहू अकबर" म्हणाले, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच. मी म्हसोबाचं नाव घेतलं, तेही मोठ्यानं. सोलायला दौंडचा खाटीक बसला. प्रशांत मोटारसायकल काढून निघून गेला. मी अडवलं नाही. जेवणं झाली तेव्हा मी मामांचा वाटा भरून ठेवला, तर ते म्हणाले, "वाटा नको, बाई. कालवणबी नको. इरफानला शब्द दिलाय, खाणार न्हाई म्हणून. भाकरी आन् ठेचा द्या, पोटभर खातो." मला फार वाईट वाटलं, रागही आला. पण पंगतीत बसून त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. त्यांनी माझी लाज राखली, पोराचा शब्दही राखला.

सारिका दौंडच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. झटके आले नाहीत. बारशाला विहीणबाई चारचौघींत म्हणाल्या, "बकऱ्यानं अंग झाडलं तवाच मला कळलं हुतं, समदं नीट व्हणार." मी फक्त त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पाळण्याकडं बघितलं. रशीदाभाभीनं स्वतः शिवलेलं झबलं आणलं होतं, तेच नातीच्या अंगावर घातलं.

म्हसोबानं मला लेक परत दिली आणि वर नात दिली. कुणाच्या नावामुळं दिली, हे मी त्याला विचारत नाही. सासरे म्हणायचे तसं, दोघे धनी बघून घेतील. राग मात्र सोडला नाही. शरण जायचं म्हणजे लेकीला कुणी खोटी म्हटलं तरी गप्प बसायचं, असं मला कुठल्या देवानं शिकवलेलं नाही.

आता पुन्हा आखाड आला आहे. निरोप मी कुणाच्या हाती, कुठल्या बसमधून धाडणार नाही. काल स्वतः जाऊन उस्मानमामांना सांगून आले, आणि इरफानलाही. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. "नात चालाया लागली का, काकू?" एवढंच त्यानं विचारलं. येताना प्रशांतच्या दारात थांबून त्यालाही सांगितलं, यायचं तर ये, फ्रीजची बाटली आणू नकोस. आणि एक गोष्ट मी ठरवून टाकली आहे. या वेळी बकऱ्याला दावं बांधायचंच नाही. पळालं तर पळालं. ज्याचं आहे तो बघून घेईल.