बिनधुऱ्याचं वावर

नवऱ्याचा फोटो आला की घरातल्या सगळ्यांनी तो पोटभर पाहायचा आणि मी मात्र मागची जमीन पाहायची. हसू नका, खरंच सांगते. मेडशीत तेव्हा सासूसासऱ्यांसमोर सुनेनं नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणं म्हणजे निर्लज्जपणाचा कळस. माणूस समोर असला तरी पाहायचं नाही, मग तो कागदावर असला म्हणून काय झालं? मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसून फोटो हातात धरायचे. आत्याबाई, म्हणजे सासू, त्यांच्या खांद्यावरून वाकायच्या. मी त्यांच्याही मागं, डोक्यावर पदर, हात दाराच्या चौकटीला. नजर चुकून यांच्या चेहऱ्यावर गेलीच तर ती लगेच बाजूच्या दगडधोंड्यांवर न्यायची. अशानं त्या परक्या मुलखातला एकेक धोंडा मला पाठ झाला होता.

हे फौजेत ट्रक चालवायचे. स्वराज्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा आपल्या फौजेची एक तुकडी शांतता राखायला म्हणून मिसर देशात गेली आणि तिच्यात यांचाही नंबर लागला. गावातल्या गुरुजींनी शाळेचा नकाशा घरी आणून दाखवला. सिनाई नावाचा तो तुकडा नांगराच्या फाळासारखा होता, टोक खाली, कडेनं समुद्र आणि मधात नुसती वाळू. याला द्वीपकल्प म्हणतात, असं गुरुजींनी सांगितलं. आत्याबाईंनी त्या फाळावरून बोट फिरवलं न् म्हणाल्या, "ते काईबी असू द्या गुरुजी, याच्यात आमचा कुठी हाय ते सांगा." ते गुरुजींना कुठून सांगता येणार? पत्रात ठिकाण लिहायची मनाई होती. पत्त्याच्या जागी नुसता आकडा.

मग यांनी युक्ती काढली. अधूनमधून पाकिटातून एक फोटो यायचा, रस्त्यात कुठंतरी ट्रक थांबवून काढलेला, आणि त्याच्या पाठीवर एकच शब्द: ओळखा. आता आम्ही काय ओळखणार, कपाळ! आम्ही अकोला पाहिलेलं, वाशीम पाहिलेलं, पोहरादेवीची जत्रा पाहिलेली. पण बसायचो ओळखायला. पहिल्या फोटोत एक शिंदीसारखं झाड होतं. आत्याबाई म्हणाल्या, "शिंदी हाय म्हंजे जवळ नाला हाय. पाण्याची सोय हाय बाप्पा त्याले." दुसऱ्यात उघडेबोडके डोंगर. त्यावर मामाजींचं ठरलं, की डोंगर आहे म्हणजे सावली आहे, दुपारचं टेकायला जागा आहे. आमचं ओळखणं म्हणजे असं होतं. नकाशावर बोट कुणी ठेवत नव्हतं, पोराच्या पोटापाण्याची चौकशी चालायची.

तिसरा फोटो आला आणि सगळ्यांचं ओळखणंच अडलं. हे ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे, आणि त्यांच्या मागं काळाकरडा सपाट पट्टा, थेट आभाळापर्यंत. झाड नाही, घर नाही, काही नाही. मामाजींनी फोटो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. आत्याबाईंचा चेहरा उतरायला लागला, कारण काहीच ओळखू येत नाही म्हणजे पोरगा कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी आहे. मला राहवलं नाही. पदराआडून मी बोलले, "काळी जमीन हाय ती. वखरलेली. तास दिसून राह्यले."

मामाजींनी मांडीवर थाप मारली. "अरे हो! वखरून ठेवलेली हाय. पेरणीची वाट पाहून राह्यले लोक."

आणि खरंच, त्या काळ्या पट्ट्यावर तासांच्या बारीक बारीक रेघा होत्या, अगदी वखराच्या पासेनं, लोखंडी पात्यानं, मोडलेल्या ढेकळांच्या ओळी असाव्यात तशा. आत्याबाईंना इतकं बरं वाटलं! वाहितीची जमीन आहे म्हणजे कास्तकार आहेत, कास्तकार आहेत म्हणजे बायाबापड्या आहेत, चूल आहे, कोणी ना कोणी घोटभर ताक देईल. त्या दिवसापासून घरात माझा भाव वाढला. फोटो आला की मामाजी मागं न पाहता म्हणायचे, "काय वो सूनबाई, तुले काय दिसते?" मलाही चढलंच थोडं. का चढू नये? लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग एक दिवस गुरुजी वर्तमानपत्र घेऊन आले. ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानंच वाचलं. सिनाईत समुद्राकाठच्या रस्त्यावर आपल्या तुकडीचा एक ट्रक सुरुंगावर गेला. चालवणारा जवान ठार. नाव दिलेलं नव्हतं. घरच्यांना कळवण्याची तजवीज चालू आहे, एवढंच.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. आत्याबाई मटकन खाली बसल्या. मामाजी मात्र उठले, कोनाड्यातून तो तिसरा फोटो काढला आणि गुरुजींच्या पुढं धरला. "पाहा तुमी. आपला काळ्या जमिनीत हाय. समुद्राचं काय काम त्याले? थो दुसरा कोणी असंन."

गुरुजींनी फोटो पाहिला. ते देशावरचे, समुद्र त्यांनीही कधी पाहिला नसावा. ते हो म्हणाले. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि देवापुढं दिवा लावायला गेल्या. मी पुन्हा सूप घेऊन पाखडायला लागले, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कारण मला धुरा दिसत नव्हता. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताची हद्द, दोन वावरांमधला बांध. आमच्या भागात हातभर धुऱ्यापायी सख्खे भाऊ कोर्टात जातात, एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. धुऱ्यावर बोर असते, बाभूळ असते, काट्यांचं कुंपण असते. या फोटोतल्या जमिनीला धुराच नाही. आभाळापर्यंत एकच वावर, न् तेही एकाच मालकाचं? असा कोणता पाटील लागून गेला तिकडे? एकदा हा विचार डोक्यात शिरला तो निघेना. स्वयंपाक करता करता मी कोनाड्याकडे पाहायची. भाकरी करपायची. आत्याबाई म्हणायच्या, "ध्यान कुठी हाय तुहं?" काय सांगू? माझ्याच शब्दावर घरातली माणसं दोन घास खात होती.

बाजाराच्या दिवशी आत्याबाईंबरोबर आमच्या वाशीमकडच्या मालेगावला गेले. फोटो गुपचूप पोलक्यात घातला होता. आमचा किराणा ज्यांच्याकडून यायचा त्या जैन शेठजींचं घर दुकानाच्या मागंच होतं, आणि शेठाणीचं माहेर गुजराथकडं, समुद्राला लागून असलेल्या गावचं. ती नेहमी सांगायची, आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं. आत्याबाई दुकानात डाळीचा भाव करत बसल्या आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. फोटो काढून तिच्या हातात दिला. बोटानं तो काळा पट्टा दाखवला.

शेठाणीनं फोटो पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं चला, सुटलो.

"अगं बाई, हा तर दरिया!" ती म्हणाली. "ही रेघ पाहिली का? ही लाट. आणि ही तिच्या मागची. आमच्या घराच्या गच्चीवरून अस्साच दिसतो." ती फोटोवरून हात फिरवायला लागली. किती वर्षांत गेली नव्हती माहेरी बिचारी. तिनं सुनेला हाक मारली, ये पाहायला, म्हणाली. मला शिंपल्यांचं सांगत होती, खाऱ्या वाऱ्यानं कपडे वाळत नाहीत ते सांगत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आनंदानं. मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! तिला माहेर दिसत होतं आणि मला तो रस्ता दिसत होता. मी फोटो तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. पाण्याचा गिलास तसाच राहिला.

परतीच्या मोटारीत आत्याबाई माझ्याशी बोलत होत्या, तुरीच्या डाळीत खडे निघाले तर शेठला कशी ऐकवीन वगैरे. मी हूं हूं करत होते. मेडशीच्या फाट्यावर उतरलो तर कोणीतरी खाकी कपड्यातला माणूस सायकल धरून उभा. मला वाटलं तारवालाच. तो जंगल खात्याचा निघाला.

पुढचे दिवस कसे काढले माझं मला माहीत. तारवाला मालेगावहून सायकलवर यायचा. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मी हातातलं टाकून दारात. कुत्रं भुंकलं की दारात. घरात आत्याबाई निर्धास्त, शेजारणीला सांगत होत्या की आमचा तर काळ्या जमिनीच्या भागात हाय, तिकडं काही भेव नाही. ते ऐकलं की मला वाटायचं, जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. शेवटी नाहीच सहन झालं. आत्याबाई मागच्या गोठ्यात गाईला पाणी पाजायला गेल्या होत्या, मामाजी जेवत होते. ताटात वरण वाढता वाढता मी एकदम बोलून गेले, "मामाजी, थे वावर नोय. थो समुंदर हाय. शेठाणीनं सांगतलं मले."

मामाजींचा घास हातातच राहिला. मला वाटलं आता ओरडतील. पण ते हळूच म्हणाले, "धुरा नाही त्याले. गुरुजी आले त्याच दिवशी ध्यानात आलं होतं माह्या."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू बोलली का?" ते म्हणाले. "तुही सासू जेवून राह्यली होती."

आणि मागं पाहते तर आत्याबाई दारात, हातात रिकामी बादली. सगळं ऐकलेलं. बादली त्यांनी अशी आपटली की गाय बिथरली. "म्हंजे दोघं मिळून मले येडं बनवून राह्यले! माहा लेक जित्ता हाय का नाही थे मले ठाव नाही, न् मी गावभर सांगत फिरून राह्यली काळी जमीन, काळी जमीन! लाज नाही वाटली तुमाले?" रडल्या नाहीत. फोटो घेतला आणि अंगणात रस्त्याकडं तोंड करून बसल्या. दुसऱ्या दिवशीही तिथंच, तिसऱ्या दिवशीही. मी भाकरी नेऊन ठेवायची, ती चिमण्या खायच्या. माझ्याशी एक शब्द नाही. मीही मग पदर खोचून त्यांच्या बाजूला बसायला लागले. काम पडलं तर पडू दे.

तार आली नाही. पोस्टकार्ड आलं. यांचं अक्षर, एकच ओळ, सुखरूप आहे म्हणून. मामाजींनी वाचलं, परत वाचलं. आत्याबाईंनी ते कार्ड हातात घेऊन वास घेतला आणि मग ज्या रडल्या त्या रडल्या. मला इतका आनंद झाला की मी गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडले. कोणाच्या तरी घरी तार गेलीच असणार, हा विचार मनात डोकावला होता. मी तो आत येऊ दिला नाही. माझा माणूस वाचला होता, बस.

कापूस वेचणीच्या दिवसांत हे सुटीवर आले. वाळलेले, काळेठिक्कर, बोलणं कमी झालेलं. जेवणं झाल्यावर मामाजींनी हौसेनं सगळे फोटो पुढं मांडले. "सांग आता बाप्पा, कोणता कुठला थे. लय छळलं तू आमाले."

यांनी नेमका तो समुद्राचा फोटो उचलला. पण समुद्राकडं पाहीनात. दाराच्या उजेडाकडं तिरपा धरून फोटोची खालची कड पाहायला लागले.

"काय पाहून राह्यला?" आत्याबाईंनी विचारलं.

मग हे म्हणाले, "हे सगळे फोटो ज्यानं काढले थो सुरुंगात गेला, माय. आमी एकाच ट्रकवर आळीपाळीनं राहो. कॅमेरा त्याचा. सगळ्यांचे फोटो काढले त्यानं, त्याचा कोणीच नाही काढला. त्याची माय बुलढाण्याकडची. फौजेत गेल्यापासून तिच्यापाशी पोराचा एकबी फोटो नाही. म्हनून पाहून राह्यलो, त्याची सावली तरी कुठी पडली का."

पडली होती. यांच्या बुटांच्या अलीकडं, वाळूवर, टोपी घातलेलं डोकं आणि कॅमेरा धरलेल्या हातांचे दोन कोपर. मी ती जागा कितीदा पाहिली होती. ओली जमीन समजत होते.

आत्याबाईंनी फोटो घेतला, पदरानं पुसला आणि यांच्या हातात परत दिला. "जाता जाता तिले नेऊन दे," म्हणाल्या. त्यातला आपला लेक त्यांनी एकदा पाहिला फक्त. मला तो फोटो द्यायचा नव्हता. सगळ्यांत चांगले हे त्यातच दिसत होते. पण मी कोणत्या तोंडानं बोलणार?

हे पुन्हा आले तेव्हा मी विचारलं, त्या माउलीनं काय म्हटलं म्हणून.

"माह्याकडं तिनं पाह्यलंच नाही," हे म्हणाले. "फोटोतल्याबी नाही न् समोरच्याबी नाही. सावलीवर बोट ठेवलं न् इतकंच इचारलं, टोपी घालून हाय थो, तिकडं ऊन लय राह्यते का रे बाबू? मी म्हनलं, नाही माय, समुंदराचा वारा राह्यते."