सीटखालची वीतभर जागा

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघं सतरा दिवसांनी कॅम्पर व्हॅन घेऊन पुण्यात परतलो... जिवंत परतलो. हा शब्द उगाच वापरलेला नाही.

रिटायरमेंटनंतर अशी आत झोपायची-रांधायची सोय असलेली भाड्याची व्हॅन घेऊन केरळपर्यंत जायचं, ही हौस आमच्या ह्यांची. पॅकिंग माझ्याकडे. त्या विषयात मला जरा गर्वच आहे... म्हणजे होता.

माझा नियम एकच, जागा दिसली की भर. दोन कुकर, सहा चादरी, इस्त्रीसुद्धा घेतली होती. ती सतरा दिवसांत एकदाही बाहेर आली नाही. जड सामान वर ठेवलं की वळणावर डोक्यात पडतं, हे गोव्याच्या आधीच कळलं. रोज लागणारं तळाशी ठेवलं की रोज अख्खी गाडी उपसावी लागते, हे कारवारला कळलं.

परतताना साताऱ्याला जेवायला थांबलो. निघताना मी लाडवांचा स्टीलचा डबा ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवला. उभा मावेना, म्हणून आडवा.

"माझ्या सीटखाली काही नको," हे म्हणाले.

"मग काय डोक्यावर घेऊन बसू?" मी म्हटलं. त्यांनी गाडी सुरू केली आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

कात्रजचा नवा बोगदा संपला आणि तो लांब उतार सुरू झाला. तिथल्या अपघातांबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पुढे एक भरलेला ट्रक होता... आणि आमची गाडी त्याच्या जवळ जवळ जात होती.

"ब्रेक दबत नाहीये," हे म्हणाले. इतक्या हळू, की मला आधी खरंच वाटेना. "पायाखाली काहीतरी आलंय. बघ."

माझा डबा!

बेल्ट काढला, गिअरवरून आडवी झाले आणि हात घातला. डबा पेडलखाली घट्ट अडकला होता, ओढला तरी हलेना. ह्यांनी गिअर खाली आणले, इंजिन किंचाळायला लागलं. मला फक्त त्यांची थरथरणारी पोटरी दिसत होती... ट्रक किती लांब आहे हे बघायची हिंमतच झाली नाही.

मग लक्षात आलं, ते जिवाच्या आकांताने ब्रेक दाबतायत म्हणूनच डबा निघत नाहीये. "पाय काढा!" मी ओरडले. त्या उतारावर, त्या ट्रकच्या मागे, त्यांनी माझं ऐकून ब्रेकवरचा पाय उचलला... मी डबा ओढला. पुढच्या क्षणी ब्रेक लागला आणि माझं डोकं डॅशबोर्डवर आपटलं.

गाडी कडेला घेतली. मग अगदी सावकाश चालवत कर्वेनगरला घरी पोचलो.

चहात साखर कमी पडली तर आठवडाभर ऐकवणारा हा माणूस. पण डब्याबद्दल अवाक्षर नाही. चेपलेला डबा त्यांनीच धुऊन ओट्यावर ठेवला, त्याचं झाकण आता लागत नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

काल स्कूटरवरून भाजी आणायला गेलो होतो. निघताना सवयीने भरलेली पिशवी त्यांच्या पायाशी ठेवायला वाकले... आणि तशीच उचलून मांडीवर घेऊन मागे बसले. हे आरशातून बघत होते.

"डोक्यावर घेतलीस तरी चालेल," म्हणाले.

सहा दिवसांनी पहिला टोमणा! भर रस्त्यात मला रडू फुटलं. देवा, आणखी खूप वर्षं मला हे असंच ऐकून घ्यायला लागू दे.