लांबी भरलेली भोकं

चकाचकचं खरं नाव विचारू नका, गल्लीत कुणालाच आठवत नाही. तो मोटारसायकली रंगवायचा. त्याचं दुकान आणि माझं वेल्डिंगचं दुकान यांच्या मध्ये नुसता एक पत्रा. हात असा, की खटारा गाडी त्याच्याकडून बाहेर आली की मालकालाही ओळखू यायची नाही. पण टापटिपीचं खूळ भारी! कुठे खड्डा-ओरखडा दिसला की याचाच जीव कासावीस व्हायचा.

मोटारसायकलचं मागचं चाक ज्याने धरलेलं असतं तो लोखंडी चिमटा आतून पोकळ असतो. त्याला खालून बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी गळून जावं म्हणून. चकाचकला ती बघवत नसत. लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरायचा, घासायचा, वर रंग मारून असं सपाट करायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. मी एकदा म्हटलंसुद्धा, "कंपनीने काय हौसेने ठेवलीत का रे भोकं?"

"चिखल शिरतो त्यातून. तू तुझ्या ठिणग्या सांभाळ," म्हणाला.

धाकट्या भावाला पार्सलं पोचवायची नोकरी लागली, तेव्हा चकाचकने स्वतःची गाडी खोलून, रंगवून त्याला दिली. चिमट्यावर तर जीव ओतला होता. पाणी वरून बोल्टाच्या फटीतून शिरत राहिलं आणि खालून जायला वाटच नव्हती. वर चकचकाट, आत गंज. पुढे एकदा भरल्या गाडीनिशी उतारावर चिमटा मोडला. धाकटा वाचला, म्हणायला. कमरेखाली सगळं गेलं.

तो मोडका चिमटा चकाचक माझ्याकडेच घेऊन आला. "जोडून दे." अरे, तो जोडला की भाऊ उभा राहणार होता का! मी टोच्या लावला तर लोखंड वाळक्या पानासारखं चुरलं. लांबीची गोळी मात्र तश्शी घट्ट. त्याने ती नखाने उकरून काढली.

"मीच मारला रे त्याला," म्हणाला.

तेव्हापासून दुकानाला कुलूप. हा स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची बाटली घेऊन चौकात उभा. आपण रंगवलेली गाडी दिसली की आडवा जातो, "थांबा हो, भोकं मोकळी करतो, आत तेल सोडतो." कोण थांबतंय! लोक शिव्या घालतात. एकाने तर कानाखाली वाजवली. इतक्या वर्षांच्या गाड्या, कुठे म्हणून पुरा पडणार हा? माझा नुसता जीव तुटतो.

परवा धाकट्याला चाकांची खुर्ची मिळाली. चकाचक माझं ड्रिल मागायला आला. मला राहवेना, मीही गेलो मागोमाग. खुर्ची उलटी करून त्याने एकेका नळीला खालून भोक पाडलं, आत तेल सोडलं. रंगाला हात लावला नाही. धाकटा पलंगावरून बघत होता.

"दादा, राहू दे ना," तो म्हणाला. "मी आता पावसात जाणार कुठे?"

चकाचकने पुढच्या नळीला ड्रिल लावलं.