बिनदाव्याचा बैल

लातुरात सिंह कुणी पाहिलाय? मी तरी नाही. आमच्याकडे वाघ आल्याची आवई उठते, माणसं काठ्या घेऊन धावतात आणि ज्वारीतून तडस निघतं. त्यामुळे गुरुपादप्पा पेंटरने आयुष्यात पहिल्यांदा काढलेले तीन सिंह गंजबाजारातल्या हमालांसारखे दिसले, तर त्यात त्याचा काय दोष? मधल्या सिंहाच्या मिशा तर थेट त्या हमालांच्या मुकादमाच्या होत्या. मी पोट धरून हसलो. गुरुपादप्पा मला म्हणाला, "हसू नका आण्णा. सिंह पुसता येतोय." आणि त्याने तो पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. सिंहाला सिंहपण येईपर्यंत माझ्या दुकानातलं निम्मं टर्पेंटाइन संपलं.

ही गोष्ट १९८२ सालची. पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा होणार होता. एका सहीसाठी उस्मानाबादच्या एसटीत दिवस घालवलेली आम्ही माणसं, गाव नुसतं हरखून गेलं होतं. जिल्हा म्हटला की कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्या म्हटल्या की पाट्या आल्या. माझं दुकान रंगाचं, तेव्हा देशप्रेम मला चार लोकांपेक्षा जरा जास्तच चढलं होतं. एका नव्या कचेरीची मोठी पाटी करायची होती. वर हातभर उंचीची राजमुद्रा, खाली अक्षरं. मी तिथल्या साहेबांना गुरुपादप्पाचं नाव सुचवलं. ही पाटी नीट उतरली तर त्या खात्याच्या तालुक्यांच्या पाट्याही त्यालाच मिळणार होत्या. मिलांच्या भिंती रंगवून थकलेल्या माणसाला याहून काय हवं?

राजमुद्रा आपण रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही. वर सिंह असतात, एवढं कुणीही सांगेल. पण सिंहांच्या पायांखालच्या पट्टीत मधोमध चक्र, एका अंगाला घोडा आणि दुसऱ्या अंगाला बैल असतो, हे मला पन्नाशीत कळलं. साहेबांनी दिलेलं छापील चित्र गुरुपादप्पाने माझ्या काउंटरवर पसरलं, तेव्हा. "वा रे वा!" मी म्हटलं, "देशाच्या ठशात आपला बैल हाय की!" त्याने चित्रातल्या बैलावर अंगठा ठेवला होता, झाकल्यासारखा.

बैल तो काढत नसे. डेअरीसाठी म्हैस काढी, तालमीसाठी मारुती काढी, पण बैल नाही. एका खतवाल्याने दुकानाच्या पाटीवर बैलजोडी सांगितली, तर याने ट्रॅक्टर काढून ठेवला. खतवाला आधी भडकला, मग ट्रॅक्टरने दुकानाला वजन येतं म्हणून खूश झाला. यामागचं कारण त्याची बायको दानम्मा जाणत होती आणि मी जाणत होतो.

तो मूळचा चाकूरकडचा. घर लिंगायताचं, त्यामुळे बैल म्हणजे नुसतं जनावर नव्हे, बसवण्णाच, महादेवाचा नंदी. कारहुणवीला, म्हणजे आमच्या भागातल्या बैलांच्या सणाला, गावभरच्या बैलांची शिंगं गुरुपादप्पा रंगवायचा. त्याच्या हातात कुंचला आला तो असा. त्याचा स्वतःचा एक तांबूस बैल होता, पवळ्या. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला, कडबा संपला, शेवटी छपरावरचं पाचटही पवळ्याने खाल्लं. नवराबायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीच्या भुग्यातली मूठ त्याच्यासाठी पदरात बांधून आणत. उठताना त्याचे पाय थरथरायला लागले, तेव्हा गुरुपादप्पाने त्याला हाळीच्या गुरांच्या बाजारात नेलं.

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. घेणारा आपला दोर घेऊन येतो. विकणारा बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून घरी आणतो, म्हणजे बैलाबरोबर लक्ष्मी जात नाही असं म्हणतात. गुरुपादप्पाने दावं सोडलं. घेणाऱ्याचा दोर गळ्यात पडेपर्यंत पवळ्या मोकळा उभा होता. मोकळा असून तो पळाला नाही, उलट याच्याच अंगाला अंग लावून उभा राहिला. हे त्याने मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढू दिला नाही. त्या साली बाजारातून जनावरं पुढे कुठे जात, ते कुणी कुणाला विचारत नव्हतं. लक्ष्मी काही थांबली नाही. नवराबायको पोटासाठी लातूरला आले आणि ते दावं त्यांच्या खोलीतल्या खुंटीवर येऊन बसलं.

आता पाटीवर सिंह झाले, चक्र झालं, घोडा तर असा झाला की टांगेवाले थांबून बघायचे. बैलाची जागा तेवढी कोरी. झेंडावंदन उद्यावर आलं तशी माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. "अरे, चार बोटांएवढा बैल तो!" मी ओरडलो. "त्याच्यापायी सगळं काम घालवतोस का?" त्याने माझ्याकडे पाहिलं, कुंचला उचलला आणि काढायला बसला.

मी आजवर पुष्कळ पेंटर पाहिले, पण असा बैल कुणाच्या हातून उतरलेला पाहिला नाही. मान, वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी सगळं जिवंत. पट्टीवरून तो आता खाली उतरेल आणि माझ्या दुकानातलं पाणी मागेल असं वाटलं. शेवटी गुरुपादप्पाने बारीक कुंचला घेतला आणि बैलाच्या गळ्यात एक तपकिरी रेघ ओढली. दावं.

दुपारी साहेब पाटी बघायला आले. माणूस वाईट नव्हता, बाहेरगावचा होता इतकंच. सिंह बघून खूश झाले, घोड्याला तर त्यांनी दाद दिली, आणि मग वाकून बैलाकडे पाहिलं.

"हा दोर कुठून आला? चित्रात नाही."

"सायेब, बिनदाव्याचा बैल म्हंजी इकलेला बैल," गुरुपादप्पा म्हणाला. "तसला कसा काढू?"

साहेबांनी शांतपणे समजावलं. सिंह बळाचा, घोडा वेगाचा, बैल कष्टाचा आणि चिकाटीचा. "ही राष्ट्राची मुद्रा आहे. तिच्यात एक रेघ वाढवायचा अधिकार मलाही नाही. संध्याकाळपर्यंत दोर काढा, नाहीतर मला दुसरा पेंटर बघावा लागेल." एवढं बोलून ते गेले. खरं तेच बोलले, म्हणून मला त्यांचा आणखी राग आला. बैल कष्टाचा, हे आम्हाला सांगायला माणूस बाहेरून यावा!

गुरुपादप्पाने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली, बैलाच्या गळ्याशी नेली आणि तसाच थांबला. हात पुढे जाईना. मग चिंधी खाली टाकून म्हणाला, "आण्णा, दुसरा पेंटर बघा म्हनावं. एकदा सोडलंय ह्या हातानं. पुन्हा न्हाई व्हत."

मी वैतागून काहीतरी वेडंवाकडं बोलणार, तेवढ्यात दानम्मा भाकरी घेऊन आली. काय झालं ते मी तिला सांगितलं. तिने भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि पाटीसमोर बसून बैल बघितला. बराच वेळ बघितला. तिचे डोळे भरले, कारण तो बैल कोण आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"आवो," ती म्हणाली, "बिनदाव्याचा बैल इकलेलाच असतोय का? देवाला सोडलेल्या बसवण्णाच्या गळ्यात कवा दावं बघितलंय तुमी?"

नवस फेडायला आमच्याकडे बैल देवाच्या नावाने मोकळा सोडतात. त्याला कुणी बांधत नाही, कुणी मारत नाही. बाजारात त्याने कुणाच्या टोपलीत तोंड घातलं तर बाई हात जोडते. आणि त्याला विकायची तर कुणाची छातीच होत नाही.

"ह्यो देवाचा न्हाई," गुरुपादप्पा कसाबसा म्हणाला. "सरकारचा हाय."

"मग तर लईच चांगलं. वर सिंह बसलेत राखनीला. कोन नेतंय त्याला बाजारात?"

"म्या पवळ्याला देवाला सोडला न्हाई दानम्मा. इकला."

"तवा इकला," ती म्हणाली. "आज सोडा."

तो रडला. चाळिशीतला माणूस माझ्या दुकानाच्या ओट्यावर, भर रस्त्यात, तोंडाला हात न लावता रडला. मीही आत जाऊन उगाच डबे हलवत बसलो. बाहेर आलो तेव्हा चिंधी त्याच्या हातात होती आणि बैलाचा गळा मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीसमोर झेंडा चढला, जिलेबी वाटली गेली, टाळ्या झाल्या. सगळे वर झेंड्याकडे बघत होते. गुरुपादप्पा पाटीकडे बघत उभा होता, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून, काखेत पिशवी. पिशवीतून जुन्या दोराचं टोक बाहेर आलं होतं.

शिपायाने ते पाहिलं. "पेंटर, दोर कशाला आनला? पाटी तर खिळ्यांनी ठोकलीय."

"ह्या पाटीला न्हाई लागत आता दोर," गुरुपादप्पा म्हणाला आणि तिथून सिद्धेश्वराच्या देवळाकडे चालता झाला. देवाला बैल सोडला की त्याचं दावं नंदीच्या पायाशी ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत होती.

परत आला तेव्हा पिशवी रिकामी होती. माझ्या ओट्यावर बसला, पाणी प्याला. मग म्हणाला, "आण्णा, त्या खतवाल्याला इचारता का? बैलजोडी पायजे का म्हनावं अजून."